टेकची वही

"मॅडम, तो माणूस त्या वहीत काय लिहितो ते एकदा बघून घ्या."

हे म्हणताना रणदिवेसाहेबांनी स्वतः उठून केबिनचं दार लावलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पर्सोनेल मॅनेजर स्वतः उठून दार लावतो तेव्हा कुणाची तरी नोकरी जाणार असते, असं माझा भाऊ नेहमी म्हणायचा. तो त्याच कारखान्यात होता, त्याला ठाऊक.

"कोण माणूस?" मी साळसूदपणे विचारलं.

"गुओ. तुमचा विद्यार्थी. जिथे जातो तिथे वही. कँटीनमध्ये वही, मशीनपाशी वही, परवा तर दोन फिटर आपसात बोलत होते त्यांच्या मागे उभा राहून लिहीत होता. आधी वही टेबलावर उघडी टाकून जायचा. आता महिना झाला, बॅगेत घालून चेन लावतो. मागितली तर देत नाही. का देत नाही?"

मला हे नवीन नव्हतं. गुओ मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. खरं तर मला सगळेच खटकतात. तीस वर्षं सिन्नरच्या कन्याशाळेत इंग्रजी शिकवलं, आणि कॉप्या पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पोरगी पाणी प्यायला उठली तरी मी तिच्या तळहाताकडे बघायची. हा स्वभाव निवृत्त झाल्यावर जातो थोडाच.

ही दोन हजार नऊ सालची गोष्ट. सिन्नरच्या एमआयडीसीतला तो कारखाना गिअर बनवायचा. त्यांनी चीनहून नव्या मशिनी आणल्या आणि त्या बसवायला सहा महिन्यांसाठी तिघं चिनी इंजिनिअर आले. त्यांना कामापुरतं इंग्रजी शिकवायला कुणीतरी हवं होतं. माझा धाकटा भाऊ भालचंद्र तिथे टूलरूममध्ये होता. त्याने माझं नाव सुचवलं. आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार वाजता, ट्रेनिंग रूममध्ये तास.

दोघं तरुण होते, ते टेबलाखाली मोबाइल बघत बसायचे. तिसरा गुओ. वय सत्तेचाळीस, केस अर्धे पांढरे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. त्याच्या कंपनीने त्याला सांगून ठेवलं होतं की नोव्हेंबरातली इंग्रजीची परीक्षा पास झालास तर परदेशातल्या कामांवर ठेवू, नाही तर घरी बस. त्या वयात घरी बसलेल्या माणसाला त्यांच्याकडे कुणी परत उभं करत नाही, असं तो म्हणाला होता. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत. त्याचं इंग्रजी दगडांवरून ओढा ओलांडल्यासारखं, एकेक शब्द पाहून पाय टाकणारं. मी आपली ते मराठीत सांगते आहे.

पहिल्याच तासाला तो म्हणाला, "मॅडम, मी खूप शब्द शिकलो. सगळे विसरलो. आता एक छोटा शब्द घेतो. पूर्ण खातो. मग दुसरा."

"कुठला घेताय?"

"टेक."

डिक्शनरीत त्या शब्दाला चार पानं होती. त्याने ती झेरॉक्स काढून आणली होती, आणि प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची रेघ. मला हसू आलं. मी वर्गात सांगते तेच त्याला सांगितलं, की अर्थ डिक्शनरीत नसतो, कोण कुणाला कुठे म्हणतं त्यात असतो. बाहेर जा, कान उघडे ठेवा, ऐकलं की लिहा. आणि उत्साहाच्या भरात मीच त्याला वहीत रकाने आखून दिले. नंबर, तारीख, वाक्य, कोण म्हणालं, कुणाला, कुठे. शेवटचा रकाना अर्थाचा, तो त्याने त्याच्या भाषेत भरायचा.

माणूस सांगितलेलं इतकं मनावर घेईल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या पोरींनी कधी घेतलं नाही.

"मॅडम, ऐकताय ना?" रणदिवे म्हणाले. "टूलरूमच्या फिक्स्चरची ड्रॉइंग बाहेर गेलीत."

फिक्स्चर म्हणजे गिअर कापताना तो घट्ट धरून ठेवणारा साचा. आमच्या टूलरूमने तो वर्षभर खपून तयार केला होता. भालचंद्र त्यातलाच एक. आणि आता कोइमतूरची एक कंपनी हुबेहूब तसाच साचा वापरून आमचंच गिऱ्हाईक पळवू पाहत होती. हे भालचंद्रने मला आधीच सांगितलं होतं. सांगताना त्याचा आवाज चढला होता. "ताई, त्या चिन्यावर लक्ष ठेव. वरवर गरीब गाय, पण पाणी कुठेतरी मुरतंय." मला तेव्हा भावाचं कौतुक वाटलं. कारखान्यासाठी एवढा जीव तुटतोय म्हटलं.

"त्याने वही दाखवली नाही तर मी त्याच्या कंपनीला लिहिणार," रणदिवे म्हणाले. "या माणसावर आमचा भरवसा नाही, परत बोलवा. पुढे त्याचं तो बघेल."

म्हणजे परीक्षा संपली, नोकरीही संपली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण माझ्याही मनात किल्मिष होतंच. चोरी नाही तर लपवतो कशाला?

त्या दिवशी तास संपल्यावर दोघं तरुण निघून गेले आणि मी गुओला थांबवलं.

"वही द्या त्यांना एकदा. तुमच्या टेकच्या वाक्यांत काय असणार आहे?"

तो बॅगेवर हात ठेवून बसला. "ती माझा अभ्यास आहे."

"मला माहीत आहे. पण त्यांना नाही. नाही दिलीत तर ते तुम्हाला घरी पाठवतील. कळतंय का?"

"कळतंय."

"मग?"

तो म्हणाला, "मॅडम, आधी तुम्ही वाचा. एकट्या. घरी न्या."

झालं. माझा संशय पक्का झाला. मला एकटीला वाचायला देऊन हा काय साधणार? उद्या त्यात काही निघालं तर म्हणेल, मॅडमना माहीत होतं. आणि कासार मॅडमचा भाऊ टूलरूममध्ये, म्हणजे दोघं मिळालेले. मला अडकवायला निघालाय लेकाचा. मी हात मागे घेतले.

"नाही. वाचायची तर साहेबांसमोर. सगळ्यांच्या देखत."

"एकट्या नाही?"

"अजिबात नाही."

त्याने मान हलवली. "ठीक. पण वाचायची तुम्ही. दुसऱ्या कुणाला देणार नाही."

संध्याकाळी भालचंद्र घरी आला. तो दोन गल्ल्या सोडून राहायचा, पण चहाला माझ्याकडेच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी तेवीसची. त्याच्या शाळा, त्याचं आयटीआय, त्याचं लग्न, सगळं माझ्या हातून झालं. माझं राहून गेलं ते गेलं. त्याचं मला कधी दुःख नव्हतं, कारण पोरगं गुणी निघालं होतं. फक्त गेली दोन वर्षं तो आतून धुमसत होता. टूलरूमचा प्रमुख म्हणून त्याचा नंबर असताना बाहेरून एक पोरगेलासा डिप्लोमावाला आणून बसवला होता.

"उद्या वही वाचायची आहे," मी म्हणाले. "साहेबांसमोर."

"तू वाचणार?" त्याने कप खाली ठेवला.

"मीच. त्याची अट आहे."

"चिनीत काय लिहिलंय ते तुला कसं कळणार? नुसतं इंग्रजी वाचून काय उपयोग? ताई, तू सरळ सांग, मला यातलं काही कळत नाही. नसत्या भानगडीत पडू नकोस." मग जरा हसला. "पाठवतील त्याला घरी. आपल्याला काय."

मी त्याच्याकडे बघितलं. तीस वर्षं तळहात बघणारी बाई मी. पण घरच्या माणसाचा तळहात कोण बघतं? मी त्याला अजून एक पोहेवडा वाढला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता केबिनमध्ये आम्ही तिघंच. रणदिवे टेबलामागे, गुओ भिंतीला लागून खुर्चीवर, हात मांडीवर. वही माझ्यासमोर. निळ्या पुठ्ठ्याची, चौकोनी रेघांची. मी एकपासून, आकड्यांसकट इंग्रजीत, वाचायला सुरुवात केली.

काय सांगू, ती वही म्हणजे आख्खा कारखाना होता. नंबर एक, 'टेक टी', कँटीनवाल्या सखाराम उगलेने गुओला म्हटलेलं. नंबर चार, 'डोन्ट टेक टेन्शन', उगलेनेच. नंबर सात, 'डोन्ट टेक टेन्शन', सिक्युरिटीचा हवालदार. नंबर बारा पुन्हा टेन्शन. डिक्शनरीत टेन्शन घ्यायची सोय नव्हती, त्यामुळे त्याने त्या प्रत्येक ओळीपुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. सगळ्यांची नावं बिनचूक, कारण प्रत्येकाच्या खिशावर इंग्रजीत नाव शिवलेलं असायचं आणि तो ते बघून उतरवायचा. नंबर अठ्ठावीस, 'बॉस टुक माय क्लास', म्हणजे साहेबांनी झापलं, एका वेल्डरने दुसऱ्याला गमतीत इंग्रजीत म्हटलेलं. हे त्याला कळलंच नव्हतं. त्याने इंग्रजीत शेजारी लिहिलं होतं, बॉसही इंग्रजी शिकवतात का?

रणदिवेंच्या मिशीखाली हसू आलं. नंबर एकेचाळीसला ते गेलं. 'टेक दीज चायनीज लाइटली, आफ्टर डिसेंबर टाटा बाय बाय.' कोण म्हणालं, रणदिवे. कुणाला, फोन. कुठे, ऑफिसबाहेरचा पॅसेज.

"पुढे वाचा," ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडत चालला होता. गृहपाठ होता हो नुसता, माझ्याच हाताने दिलेला. मी पान उलटलं. साठ, एकसष्ट, बासष्ट. आणि डोळा पुढच्या ओळीवर गेला.

'टेक द ड्रॉइंग फ्रॉम माय हाउस. नॉट फ्रॉम कंपनी.' ड्रॉइंग माझ्या घरून घ्या, कंपनीतून नको. तारीख चौदा ऑगस्ट. कोण म्हणालं, बी. कासार. कुणाला, फोन. कुठे, कँटीनमागचा जिना.

कोइमतूरच्या माणसाशी तो मराठीत कसा बोलेल? इंग्रजीतच बोलणार. आणि जिन्याखाली सिगारेट ओढणाऱ्या चिन्याला काय कळतंय म्हणून बिनधास्त बोलणार.

मला वाटतं माझा श्वास एवढासाच अडला असेल. मी 'चौसष्ट' म्हणाले आणि पुढचं वाक्य वाचलं. 'टेक युवर टाइम.' आवाज हलला नाही. पासष्ट, सहासष्ट, अशी एकशे आठपर्यंत वाचून वही मिटली.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

रणदिवे खुर्चीत मागे रेलले. "मग लपवत का होता? आणि त्या शेवटच्या रकान्यात चिनीत काय खरडलंय?"

"ते मला कसं वाचता येणार?"

"मॅडम, सरळ विचारतो. तुम्ही चार महिने शिकवताय त्याला. तुम्ही खात्री देता का या माणसाची? तुम्ही देत असाल तर मी विषय इथेच संपवतो. नसाल तर आजच पत्र जाईल."

एक शब्द पुरला असता. हो म्हटलं असतं तर गुओ सुटला असता. पण गुओ सुटला असता तर शोध पुढे चालू राहिला असता, आणि टूलरूमपर्यंत पोचायला कितीसा वेळ? तो घरी गेला की प्रकरण मिटणार होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. फक्त दोर माझ्या हातात होता.

"वहीची खात्री देते," मी म्हणाले. "माणसाची कशी देऊ? कुणाच्या पोटात काय असतं, आपल्याला काय ठाऊक."

हे मी इंग्रजीत म्हणाले. का, ते मला आजही सांगता येत नाही. तीस वर्षांची सवय असेल. रणदिवेंनी मान डोलावली आणि फोनकडे हात नेला.

"मॅडम," भिंतीपाशी बसलेला गुओ म्हणाला. आवाज अगदी वर्गातला, हात वर करून विचारावं तसा. "नंबर त्रेसष्ट राहिला."

रणदिवेंचा हात थांबला. "काय राहिला?"

"मॅडमनी बासष्ट वाचला, मग चौसष्ट. मधला राहिला."

मी वहीवर तळवा ठेवला होता. रणदिवेंनी ती माझ्या हाताखालून हळूच ओढून घेतली. पान काढलं, बोट फिरवलं, थांबले. मग माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यात शेकडो पोरींकडे तसं बघितलं होतं. माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

भालचंद्रला जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावलं. त्याने तासाभरात कबूल केलं. कोइमतूरवाल्यांनी त्याला टूलरूमचा प्रमुख करायचं वचन दिलं होतं. पोलिसांत गेलं नाही प्रकरण, गिऱ्हाइकापर्यंत बोभाटा नको म्हणून. राजीनामा लिहून घेतला आणि त्याला गेटबाहेर काढलं. अठरा वर्षांची नोकरी. कोइमतूरवाल्यांनी नंतर त्याचा फोनसुद्धा उचलला नाही.

रात्री तो आला तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"तू वाचलंस?"

"नाही रे. मी वगळलं होतं."

"मग?"

"त्याने सांगितलं."

"वही लिहायला कुणी शिकवलं त्याला?"

मी बाजूला सरून त्याला आत यायला वाट दिली.

"मीच तुला ते काम मिळवून दिलं," तो म्हणाला. "माझ्याच हाताने धोंडा मारून घेतला पायावर." आणि निघून गेला. पुढे दोन वर्षं माझ्या घराची पायरी चढला नाही.

मी तेव्हा पेटले होते. भावावर नाही, गुओवर. मला पक्कं वाटत होतं की त्या माणसाने डाव साधला. मुकाट बसून वाट बघितली आणि बरोब्बर वेळेला मारलं. चार दिवसांनी मी तासाला गेले ते शिकवायला नव्हेच, भांडायला. दोघं तरुण मशीनवर होते. गुओ एकटाच बसला होता.

"तुम्हाला कळत होतं त्या ओळीत काय आहे?" मी दारातूनच विचारलं.

"कळत होतं."

"कधीपासून?"

"लिहिलं तेव्हा नाही. तेव्हा फक्त टेक ऐकला." तो शब्द जुळवत होता. "सप्टेंबरात सगळे बोलायला लागले, ड्रॉइंग गेली, ड्रॉइंग गेली. तेव्हा मी वही पुन्हा बघितली. कासार. तुमचं पण नाव कासार. मी उगलेला विचारलं. तो म्हणाला, मॅडमचा भाऊ. मॅडमने आईसारखा वाढवला."

"मग?"

"मग मी वही बॅगेत ठेवली."

मी खुर्चीत बसले.

"साहेब म्हणाले, दाखव, नाही तर घरी. मी दाखवली नाही. तुम्हाला म्हटलं, एकट्या वाचा. मला वाटलं, तुम्ही वाचाल, घरी भावाशी बोलाल. तो स्वतः साहेबांना सांगेल. तुमच्या घरातली गोष्ट, तुम्ही ठरवाल."

"पान फाडून टाकायचं होतं," मी म्हणाले.

"फाडलं असतं तर सगळे म्हणाले असते, चिन्याने पान फाडलं."

खरंच होतं. मीच पहिली म्हणाले असते.

"तुम्ही त्रेसष्ट सोडला, तेव्हा मी गप्प बसलो," तो म्हणाला. "भाऊ आहे. मी पण सोडला असता. आणि मला वाटलं, आता साहेब विचारतील आणि मॅडम म्हणतील, गुओ चांगला माणूस आहे. बस. दोघं वाचलो." त्याला राग आलेला दिसत नव्हता, आला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही नाही म्हणालात. मग माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

मी माफी मागितली. इंग्रजीत मागितली, मग मला ती फार पोकळ वाटली म्हणून मराठीतही मागितली. त्याला ती कळली नसणार. तो उठला, मला पाण्याचा ग्लास भरून दिला, आणि म्हणाला की परीक्षेचं आता तो एकटा बघेल, मॅडमनी तसदी घेऊ नये.

मी कामाचा राजीनामा द्यायला गेले तर रणदिवेंनी तो घेतला नाही. म्हणाले, तुमचा काय दोष. त्या दोन पोरांना शिकवत राहा. म्हणून डिसेंबरपर्यंत जात राहिले. गुओ परीक्षा पास झाला, उगलेने पेढा आणून दिला तेव्हा कळलं.

भालचंद्र आता बोलतो. नाशिकला त्याचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, भाऊबीजेला येतो, नातीला घेऊन येतो. रक्ताचं माणूस, कधी ना कधी वळतंच. पण त्या डिसेंबरपर्यंत दर तासाच्या आधी कँटीनमध्ये मला एक गोष्ट बघावी लागायची. गुओ कुणाशी तरी बोलत उभा असायचा, हातात तीच वही, तेच मोडकंतोडकं इंग्रजी. मी आत आले की वाकून नमस्कार करायचा, अगदी आदराने. आणि मी चहा घेऊन बाहेर पडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचा नाही.